इयादत आणि आळीपाळी : आजारी लेकराच्या घराशी मैत्रीचे नाते

मोहल्ल्यात कुणाच्या घरी मृत्यू झाला तर आपण काय करायचे, हे कुणाला सांगावे लागत नाही. कबर खोदणारे हात मिळतात, जनाजाला खांदे मिळतात आणि त्या घरची चूल पेटण्याची वाट न पाहता शेजारून जेवण येते. कुणाला अपघात झाला तरी असेच घडते. दवाखान्याच्या दारात पाहता पाहता दहा माणसे उभी राहतात. परंतु आजार जेव्हा एका रात्रीचा नसून वर्षानुवर्षांचा असतो, घरातले लेकरू दर दोन-तीन महिन्यांनी वॉर्डात दाखल होते, बरे होऊन परतते आणि पुन्हा दाखल होते, तेव्हा पहिल्या खेपेला आलेली माणसे पाचव्या खेपेला दिसत नाहीत. त्यांचे प्रेम आटलेले असते असे नाही. एवढ्या लांब दुःखात आपले काम कोणते, हेच त्यांना उमगत नाही. आई-वडीलही मग बोलावणे सोडून देतात आणि हळूहळू ते घर मोहल्ल्यात असूनही मोहल्ल्यापासून तुटते.

नमाजेला जमात आहे, जनाजाला जमात आहे. दीर्घ आजारपणालाही जमात असावी, अशी इस्लामची शिकवण आहे काय? असल्यास तिचे स्वरूप कोणते? या लेखात त्याचा विचार करू.

शिकवणीचा पाया

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी श्रद्धावंतांच्या परस्परप्रेमाला एका शरीराची उपमा दिली. एक अवयव दुखावला की सारे शरीर तापाने आणि जागरणाने त्याची साथ करते, असा त्या हदीसचा आशय आहे (बुखारी, मुस्लिम). येथे 'जागरण' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. दुखणे एका बोटाला असते, परंतु झोप साऱ्या शरीराची जाते. सहानुभूतीचे इतके काटेकोर वर्णन क्वचितच आढळेल. ज्या मैत्रीत मित्राची झोप जराही मोडत नाही, ती या उपमेत बसत नाही.

दुसरी एक हदीस याहून गंभीर आहे (मुस्लिम). कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील की, मी आजारी होतो, तू माझ्या भेटीला का आला नाहीस? माणूस चकित होऊन म्हणेल की, तू तर साऱ्या जगांचा पालनकर्ता, तुझी भेट मी कशी घेणार? तेव्हा उत्तर मिळेल की, माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशीच सापडलो असतो. याच हदीसमध्ये पुढे भुकेल्याचा आणि तहानलेल्याचाही उल्लेख आहे. त्यांना दिलेल्या अन्नपाण्याचे फळ अल्लाहपाशी मिळेल, असे तेथे सांगितले आहे. आजाऱ्याच्या बाबतीत मात्र अल्लाह स्वतःच त्याच्यापाशी सापडेल, असे म्हटले आहे. शब्दांतील हा फरक विचार करायला लावतो. इयादत, म्हणजे आजाऱ्याची भेट, हा केवळ शिष्टाचार उरत नाही; अल्लाहची जवळीक शोधण्याची ती एक जागा ठरते.

आपल्या शहरातील एक आजार

शिकवण प्रत्यक्षात उतरवायची तर समोर एखादे खरे दुःख हवे. नागपूर आणि विदर्भात ते शोधायला दूर जावे लागत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात फार जुना आहे. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीच्या डोंगराळ भागात झाली आणि पुढे मध्य भारतातही तो मोठ्या प्रमाणात असल्याचे आढळले. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही मागास समाजांत तो अधिक दिसतो. तरीही तो कुणाचा धर्म विचारून येत नाही.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जेथे अडकतात तेथे, कधी हाडांत, कधी सांध्यांत, कधी छातीत, असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही वाकलेली पेशी मात्र 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त कायम कमी असते. पाणी कमी पिणे, कडाक्याची थंडी, ताप आणि अति श्रम यांमुळे वेदनेचा झटका येतो. नागपूरचा उन्हाळा आणि डिसेंबरची पहाट, दोन्ही अशा लेकरासाठी परीक्षेच्या असतात.

थॅलेसेमिया हा याच जातीचा दुसरा आजार. त्याच्या तीव्र प्रकारात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि वारंवारच्या रक्तामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी वेगळे औषध चालू ठेवावे लागते. आपल्या शहरात जरीपटका भागात या दोन्ही आजारांसाठी काम करणारे केंद्र आहे. मेडिकलच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या बालरुग्णांवर अनेक वर्षे उपचार व अभ्यास केला. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे त्यांच्या अभ्यासांतही दिसून आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्या अज्ञानातून मोठा अन्याय होतो. हे दोन्ही आजार केवळ आईकडून येत नाहीत. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच त्यांच्या मुलाला हा आजार होऊ शकतो. वाहक स्वतः सर्वसाधारणपणे निरोगी असतो, त्याला आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. दोघे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. तेव्हा लेकरू आजारी निघाले म्हणून सुनेला बोल लावणे, तिच्या माहेराचे रक्त काढणे, तिला पांढऱ्या पायाची म्हणणे, हे शास्त्राच्या दृष्टीने खोटे आणि धर्माच्या दृष्टीने गुनाह आहे. मैत्रिणीचे पहिले काम अनेकदा हेच असते, की त्या घरात बसून ही एक गोष्ट शांतपणे समजावून सांगावी.

पहिला हक्क : येणे

आजाऱ्याला भेटायला जाणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे, असे हदीसमध्ये आले आहे (बुखारी, मुस्लिम). प्रेषित (स.) यांनी हा हक्क मुसलमानांपुरताच मर्यादित ठेवला नाही, त्यांची सेवा करणारा एक ज्यू मुलगा आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याच्या उशाशी जाऊन बसले (बुखारी).

भेटीचेही काही अदब आहेत. आजाऱ्याजवळ किंवा मयताजवळ असताना चांगलेच बोलावे, कारण त्या वेळी तुम्ही जे बोलता त्यावर फरिश्ते आमीन म्हणतात, अशी शिकवण हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या वृत्तांतात आहे (मुस्लिम). या कसोटीवर आपल्या भेटी तपासून पाहाव्यात. आमच्या नात्यातला असाच एक पोरगा गेला, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. आई ते रात्रभर मनात घोळवत राहते आणि लेकरू, ते झोपले आहे असे आपण समजतो, परंतु ते ऐकत असते. कुणाच्या पापाची ही शिक्षा, कुणाची नजर, कुणाची करणी, असली चर्चा उशाशी करणारा इयादत करीत नसतो. प्रेषित (स.) आजाऱ्याला धीर देत, हे दुखणे अल्लाहने इच्छिले तर शुद्ध करणारे ठरेल, अशी आशा ते त्याच्या मनात जागवीत (बुखारी).

सब्र कर, हा शब्दही जपून वापरावा. सब्र ही थोर गोष्ट आहे, परंतु ती सांगण्याचा अधिकार ओझ्याला हात लावणाऱ्याला शोभतो. रिकाम्या हाताने येऊन दहा मिनिटांत निघणाऱ्याच्या तोंडी तो शब्द आईच्या कानाला टोचतो. हजरत याकूब (अलै.) यांनी सुंदर सब्र केला आणि तरीही पुत्राच्या विरहात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, असे दिव्य कुरआनने सूरह यूसुफमध्ये सांगितले आहे. अश्रू आणि सब्र एका ठिकाणी राहू शकतात. म्हणून रडणाऱ्या आईला तिचा ईमान कमजोर आहे, असे कुणी म्हणू नये.

दुसरा हक्क : ओझे उचलणे

हिजरी 8 मध्ये मूताच्या लढाईत हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) शहीद झाले. ती बातमी मदीनेत पोचली तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर असे संकट आले आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही (अबू दाऊद, तिर्मिजी). मयतीच्या घरी जेवण पाठविण्याची आपली प्रथा येथूनच आली. परंतु त्या आदेशामागील कारण पाहा: ज्या घराला दुसरे काही सुचत नाही त्या घराची चूल इतरांनी सांभाळावी. ज्या घरची आई चौथ्या रात्री वॉर्डातील बाकावर बसून आहे, तिलाही दुसरे काही सुचत नसते. कारण तेच आहे; मग डब्बा तेथेही पोचला पाहिजे.

तो एकाच माणसाने रोज पोचवावा, असे मात्र नाही. एकावर पडलेली सेवा महिनाभरात थकते. यावरचा उपाय आपल्याला हजरत उमर (रजि.) यांच्या जीवनात सापडतो. ते मदीनेच्या वरच्या भागात राहत. प्रेषितांच्या (स.) सहवासात रोज जाणे दोघांनाही शक्य नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या एका अन्सारी शेजाऱ्याशी आळीपाळी ठरवली होती. एक दिवस शेजारी जाई, एक दिवस उमर जात. जो जाई तो त्या दिवशीची वही आणि इतर बातमी दुसऱ्याला आणून सांगे (बुखारी). ज्ञान मिळवण्यासाठी दोन शेजाऱ्यांनी केलेली ही साधी व्यवस्था आहे. तिच्यामुळे दोघांचेही घर आणि काम चालू राहिले आणि दोघांनाही दीन मिळाला.

दीर्घ आजाराच्या घराला मित्रांची हीच आळीपाळी हवी असते. मोमिनपुरा, टेका, हसनबाग, ताजबाग, कोणताही मोहल्ला घ्या. वडील रोजंदारीवर किंवा ऑटोवर. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. आई एका लेकराजवळ दवाखान्यात, दुसरी दोन घरी. अशा वेळी पाच घरांनी मिळून आठवडा वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे येते. एका घराने दोन दिवस डब्बा द्यावा. एकाने घरी राहिलेल्या मुलांना शाळेत सोडावे, आणावे आणि त्यांचा अभ्यास घ्यावा. एका तरुणाने चिठ्ठी घेऊन औषध आणावे, रक्ताची गरज असेल तर रक्तपेढीत जावे. एका मैत्रिणीने दुपारी दोन तास वॉर्डात बसावे, म्हणजे आईला आंघोळ, नमाज आणि थोडी झोप मिळेल. काही लागले तर सांगा, असे म्हणून निघून जाणे सोपे आहे. परंतु संकोची माणूस कधीच सांगत नाही. मंगळवारी मी येतो, असे दिवसाचे नाव घेऊन सांगणारा खरा आधार देतो.

मशिदीचा या कामाशी जवळचा संबंध आहे. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मशिदीतच त्यांच्यासाठी तंबू उभारला, की जवळून त्यांची विचारपूस करता यावी (बुखारी). जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नावही या प्रसंगाशी जोडलेले आहे. ज्या मशिदीच्या अंगणात जखमीला जागा होती, त्या मशिदीच्या परंपरेत मोहल्ल्यातील रक्तदात्यांची एक वही असणे मुळीच परके नाही. नाव, रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख, एवढी नोंद पुरेशी आहे. गरजूचे प्राण वाचविण्यासाठी रक्त देणे आपल्या देशातील आलिमांनी जायज ठरवले आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना शासकीय रक्तपेढीतून मोफत रक्त मिळण्याची तरतूद आहे. परंतु पेढीत रक्त असेल तरच ते मिळणार आणि ते कुणीतरी दिलेले असावे लागते.

तिसरा हक्क : जाणून सल्ला देणे

मैत्रीतून होणारे सर्वांत मोठे नुकसान वाईट हेतूने होत नाही. ते अर्धवट ज्ञानाने होते. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक घटना प्रत्येक मित्राने लक्षात ठेवावी अशी आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. पुढे त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले की, मला तयम्मुमची सवलत आहे काय? सोबती म्हणाले की, पाणी असताना सवलत कसली! त्याने आंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. त्या सोबत्यांनीच त्याचा जीव घेतला, ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानाचे औषध विचारणे हेच आहे, अशा आशयाचे कठोर शब्द त्यांनी उच्चारले.

ते सोबती शत्रू नव्हते. दीनदार होते, आपुलकीने सल्ला देत होते. तरीही त्यांच्यावर हा ठपका आला. आज हाच प्रसंग वेगळ्या वेषात आपल्या घरांत घडतो. गोळ्या गरम पडतात, बंद कर. एवढे रक्त चढवू नकोस. अमक्याच्या पाण्याने पोर बरे झाले, तिकडे चल. असे सांगणारी माणसे बहुधा मित्रच असतात. हायड्रॉक्सीयुरिया ठरलेल्या मात्रेत आणि वेळोवेळी रक्त तपासून द्यावी लागते. ती मनाने सुरू करणे जितके धोक्याचे, तितकेच मनाने बंद करणेही. दुआ अवश्य करावी, कुरआनचे पठण करून लेकरावर दम करावा. मात्र दुआ दव्याच्या जागी ठेवू नये. औषधोपचार करावा काय, असे ग्रामीण अरबांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि म्हातारपण सोडून अल्लाहने प्रत्येक रोगाला औषध ठेवले आहे, अशी ग्वाही दिली (अबू दाऊद, तिर्मिजी).

रमजानमध्ये या विषयाला विशेष महत्त्व येते. सिकलसेलच्या रुग्णाला पाण्याची कमतरता वेदनेच्या झटक्याकडे नेऊ शकते. डॉक्टरांनी मनाई केली असताना मित्रांच्या टोमण्यांमुळे एखाद्या तरुणाने रोजा ठेवला आणि तो वॉर्डात पोचला, तर त्या टोमण्याचा हिशेब द्यावा लागेल. दिव्य कुरआनने रोज्याचा आदेश दिला त्याच ठिकाणी आजाऱ्याला सवलत दिली आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण इच्छित नाही, हेही सांगितले (सूरह अल-बकरा, आयत 184-185). पुढे रोजा ठेवण्याची शक्ती येण्याची आशा असेल तर कजा, आणि ती आशाच नसेल तर प्रत्येक रोज्यामागे फिदया, हा मार्ग खुला आहे. आपल्या प्रकृतीसाठी कोणता मार्ग, हे डॉक्टरांचे मत घेऊन आलिमांना विचारावे. थंडीत वुजूसाठी पाणी कोमट करून देणे ही देखील मित्राची सेवाच आहे.

सल्ला न देता मित्राने धोक्याच्या खुणा मात्र पाठ कराव्यात. सिकलसेलच्या मुलाला ताप आला, छातीत दुखले, दम लागला, एकाएकी अंग पांढरे पडले, पोट डाव्या बाजूला फुगले, एक हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता गाडी काढणारा मित्र त्या क्षणी शंभर सल्ल्यांहून मोलाचा असतो.

लेकरांकडे पाहणे

आजारी मूल हे प्रथम मूल असते. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, लहानसा पाळीव पक्षी मेला. प्रेषित (स.) त्या बालकाशी त्याच्या पक्ष्याविषयी लाडाने बोलले (बुखारी, मुस्लिम). उम्मतचा सारा भार ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांना एका बालकाचे चिमुकले दुःखही लहान वाटले नाही. वॉर्डात गेल्यावर आपण आई-वडिलांशी आजाराविषयी बोलतो आणि मुलाकडे फक्त पाहतो. त्याच्याशी क्रिकेटविषयी, शाळेविषयी, त्याच्या मित्रांविषयी बोलावे. घरी राहिलेल्या भावंडांनाही विसरू नये. आजाऱ्याचे लाड होतात आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे शल्य ती मुले बोलून दाखवीत नाहीत.

आपल्या मुलांनाही शिकवावे, की वर्गातल्या ज्या मित्राला वारंवार पाणी प्यावे लागते, लघवीला जावे लागते, धावताना थांबावे लागते, त्याला आळशी म्हणून हसू नये. मुलांची मैत्री अशा लेकराला मोठ्यांच्या दयेपेक्षा अधिक बळ देते.

आई-वडिलांच्या शरीराचाही हक्क आहे. प्रेषितांनी (स.) हजरत सलमान आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्व जोडले होते. सलमान भेटीला आले तेव्हा त्यांना उम्मे दरदा यांची उदास अवस्था दिसली. पती दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके मग्न, की घराकडे लक्ष नव्हते. सलमान यांनी आग्रहाने मित्राला जेवू घातले, रात्री झोपवले आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. पालनकर्त्याचा, शरीराचा आणि घरच्यांचा, प्रत्येकाचा हक्क आहे आणि तो ज्याचा त्याला द्यावा, असे त्यांनी मित्राला समजावले. प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले (बुखारी). आज तू झोप, मी बसते, असे म्हणून थकलेल्या आईला बळेच घरी पाठवणारी मैत्रीण सलमान यांचीच सुन्नत चालवते. आणि दुःखापासून पळून कामात किंवा नाक्यावर वेळ काढणाऱ्या बापाला परत उशाशी आणणे, हेही मित्रच करू शकतो.

चौथा हक्क : अमानत राखणे

अनेक घरे आजार लपवतात. मुलीचे लग्न जमणार नाही, ही भीती त्यामागे असते. म्हणून मित्राला जे कळले ते अमानत समजावे. वाहक असल्याचा अहवाल लग्नाच्या पंगतीत चर्चेला आणणे ही गीबत आहे.

परंतु या अमानतीला एक सीमा आहे. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो विश्वस्त असतो, असे हदीसमध्ये आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी आलेल्या स्थळांविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या व्यक्तींविषयी आवश्यक ते स्पष्टपणे सांगितले (मुस्लिम). म्हणजे स्थळाविषयी कुणी आपल्याला थेट विचारले तर खोटे बोलून दोन कुटुंबांना फसवणे ही मैत्री नव्हे. उत्तम मार्ग हा, की ती वेळ येण्यापूर्वीच मित्राला प्रेमाने सांगावे: तुम्हीच बोला, आणि दोन्हीकडची रक्ततपासणी करून घ्या. वाहक असणे हा दोष नाही. दोन वाहकांनी नकळत विवाह करणे, हा प्रश्न आहे. चुलत-मामे नात्यांतील विवाह शरीअतमध्ये जायज आहेत, परंतु बंधनकारक नाहीत. आणि एकाच घराण्यात दोन्ही बाजूंना तोच दोष असण्याची शक्यता अधिक असल्याने तेथे तपासणी अधिक आवश्यक ठरते. इराणने 1997 पासून थॅलेसेमियासाठी आणि सौदी अरबस्तानने 2004 पासून सिकलसेल व थॅलेसेमियासाठी विवाहापूर्वीची तपासणी सक्तीची केली आहे. तेव्हा अशी तपासणी तवक्कुलच्या विरुद्ध आहे, असे कुणी समजू नये. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपलीच आहे.

इतरांच्या हातात हात

नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. आपल्या घरातील दुःख घेऊन ते घरातच बसले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जया रामटेके यांनी अशाच इतर पालकांना जोडले आणि सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून जागृती, तपासणी आणि रुग्णांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे काम केले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला, त्यामागे अशा पालकांचा दीर्घ पाठपुरावा आहे. 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तोपर्यंत नागपूरच्या पालकांनी ही वाट बरीच चालून झाली होती.

चांगल्या कामासाठी इतरांसोबत उभे राहण्यात मुसलमानाने मागे का असावे? प्रेषित (स.) तरुणपणी मक्केत 'हिल्फुल फुजूल' या करारात सहभागी झाले होते. अन्याय झालेल्याला हक्क मिळवून देण्याचा तो करार प्रेषितत्वापूर्वीचा होता. तरी नंतरही त्यांनी त्याची आठवण आदराने काढली आणि आजही तशा करारासाठी कुणी बोलावले तर मी जाईन, असे सांगितले. पुण्य आणि ईशभयाच्या कामात एकमेकांस सहकार्य करा, हा कुरआनचा आदेशही सर्वज्ञात आहे (सूरह अल-माइदा, आयत 2). वॉर्डात शेजारच्या खाटेवरची आई कोणत्या धर्माची आहे, हे विचारण्याआधी आपला डब्बा तिच्याकडे सरकवावा. ती आपल्याला दिव्यांग प्रमाणपत्राची, मोफत रक्ताची, परीक्षेतील वाढीव वेळेची माहिती देईल. जे पुस्तकात शोधून सापडत नाही ते समदुःखी माणूस एका वाक्यात सांगतो.

या महिन्यात करण्यासाठी

1. घरात सर्वांनी मिळून हजरत उमर (रजि.) आणि त्यांच्या अन्सारी शेजाऱ्याची हदीस वाचावी आणि आपल्या ओळखीतील दीर्घ आजाराचे एक घर निवडावे.

2. चार-पाच घरांनी त्या घरासाठी वार वाटून घ्यावेत. काम लहान असावे, परंतु ठरलेल्या दिवशी न चुकता व्हावे.

3. मशिदीत रक्तगटांची वही सुरू करावी आणि विवाहयोग्य मुलामुलींची रक्ततपासणी करून घेण्यास पालकांना प्रवृत्त करावे.

4. ज्याचे ज्ञान नाही असा सल्ला देणार नाही, असा निश्चय प्रत्येकाने करावा.

प्रेषित (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत आणि मागे एखाद्या बालकाचे रडणे कानी आले की, आईच्या जिवाची घालमेल होईल म्हणून, नमाज आटोपती घेत (बुखारी). ज्यांनी आईच्या अस्वस्थतेसाठी नमाजेची किरअत कमी केली, त्यांच्या उम्मतने त्याच आईसाठी आठवड्यातील एक दुपार काढणे अवघड नाही.

अल्लाह आपल्या सर्व आजारी लेकरांना शिफा देवो, त्यांच्या आई-वडिलांच्या थकलेल्या खांद्यांना बळ देवो आणि आपल्याला त्यांच्या दारी वेळेवर पोचणारे मित्र बनवो. आमीन.